लोणारचा दगड गेला कुठे?

लोणारच्या विवराच्या काठावर पहिल्यांदा उभा राहिलेला माणूस पाच-दहा मिनिटे गप्प असतो. मग तो हमखास विचारतो, "आणि तो दगड कुठे आहे?" सहलीला आलेली मुले विचारतात, पुण्या-मुंबईचे पर्यटक विचारतात, खाली कमळजा देवीच्या दर्शनाला निघालेल्या बायाही विचारतात. प्रश्न रास्त आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या या टोकाला काळ्या पाषाणात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळजवळ गोल खड्डा आहे. काठापासून तळापर्यंतची खोली सव्वाशे-दीडशे मीटर भरते. एवढा खड्डा पाडणारी वस्तू आकाशातून आली असेल, तर ती तिथे दिसायला हवी. ती दिसत नाही. तळ खणूनही ती सापडलेली नाही.

या जिल्ह्यात मी बरीच वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. ऊष्मागतिकीचे प्रकरण आले की मुलांचे चेहरे पडत. उष्णता, तापमान आणि आंतरिक ऊर्जा ही त्यांना एकाच गोष्टीची तीन नावे वाटत; परीक्षेपुरत्या व्याख्या पाठ करून ती मोकळी होत. पुढे लोणारच्या संशोधनाचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा लक्षात आले की हा गोंधळ काही वर्गातल्या मुलांपुरता नव्हता. उष्णता म्हणजे काय आणि ती येते कुठून, याविषयीच्या जुन्या समजुती लोणारच्या मुळाचा शोध दीडशे वर्षे अडवून बसल्या होत्या. दगडाचा पत्ता भूगर्भशास्त्राच्या वहीत जितका आहे, तितकाच उष्णतेच्या शास्त्रातही आहे. या लेखात तो दुसऱ्या वाटेने शोधायचा आहे.

झाकणाचा हिशेब

लोणारची सर्वांत जुनी उपपत्ती दैत्याची. लवणासुर किंवा लोणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली राहत असे. विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या बिळाचे झाकण उडवले, आत झोपलेल्या दैत्याला मारले, आणि उरला तो हा खड्डा. गावातले देखणे दैत्यसूदन मंदिर या कथेच्या नावाने उभे आहे. कथेचा एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. उडालेले झाकण धाकेफळजवळ जाऊन पडले आणि तिथली टेकडी म्हणजेच ते झाकण, असे सांगतात. म्हणजे कथा रचणाऱ्यांना एक गोष्ट खटकली होती: एवढा मोठा खड्डा झाला, तर त्यातला ऐवज गेला कुठे? त्यांनी त्याची जागा नेमून दिली. पुढे शास्त्रज्ञांनीही नेमका हाच हिशेब मांडला, हे आपण पाहणारच आहोत.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी'त लोणारची नोंद आली. मेहकरच्या हद्दीतले हे मोठे पवित्र ठिकाण. भोवती उंच डोंगर, मध्ये खोल तळे, पाणी खारट. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो आणि त्यातून सरकारला चांगले उत्पन्न येते, असे त्यात म्हटले आहे. मुघल कारभाराला खड्डा कसा झाला यापेक्षा खार किती निघतो यात रस होता. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्या खाराच्या प्रकारांची नावे पुढच्या काळातल्या सरकारी कागदांतही आढळतात.

उष्णता नावाचा द्रव

१८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारकडे युरोपीय वाचकांचे लक्ष वेधले. पुढच्याच वर्षी, १८२४ मध्ये, पॅरिसमध्ये सादी कार्नो या तरुण इंजिनियरने वाफेच्या यंत्रावर एक छोटे पुस्तक छापले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण लोणारचा आधुनिक अभ्यास आणि ऊष्मागतिकी यांचा जन्म असा शेजारी शेजारी झाला, आणि पुढची शंभर वर्षे त्यांची गाठ पडली नाही.

कार्नोच्या काळी बहुतेक विद्वान उष्णतेला एक द्रव मानत. नाव 'कॅलरिक'. तो दिसत नाही, त्याला वजन नाही, पण तो गरम वस्तूत जास्त आणि थंड वस्तूत कमी असतो, आणि पाण्यासारखा वरून खाली वाहतो. लव्हाझिएने १७८९ साली मूलद्रव्यांची यादी केली, तीत ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीला कॅलरिकलाही बसवले होते. द्रव म्हटला की तो कुठून तरी यावा लागतो. एखादी वस्तू तापली, तर दुसऱ्या कुठल्या तरी गरम वस्तूने तिला आपल्यातला कॅलरिक दिला असला पाहिजे.

या समजुतीला पहिला जोराचा धक्का १७९८ मध्येच बसला होता. म्युनिकच्या शस्त्रागारात काउंट रम्फर्ड तोफांची भोके पाडण्याच्या कामावर देखरेख करी. बोथट गिरमिट, ते फिरवणारे घोडे आणि भोवती पाणी असा घाट घालून त्याने अडीच तासांत पाणी उकळवून दाखवले. जवळ विस्तव नव्हता. घोडे फिरत राहतील तोवर उष्णता निघत राहील, ती संपणार नाही, असे दिसले. जी गोष्ट कधी संपत नाही, ती वस्तूत साठवलेला द्रव कशी असेल? रम्फर्डचा कल असा होता की उष्णता ही एक प्रकारची हालचाल आहे. पण पुढची चाळीस-पन्नास वर्षे बहुतेकांनी कॅलरिकच धरून ठेवला.

आता लोणारकडे वळू. सारे वऱ्हाड-मराठवाड्याचे पठार लाव्हाचे; साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेल्या काळ्या खडकाचे थर. त्यात एक गोल खड्डा. एकोणिसाव्या शतकातल्या भूगर्भशास्त्रज्ञाने काय अनुमान काढावे? ज्वालामुखी. उष्णता जमिनीच्या पोटात असते आणि वर येते, हे त्याला पक्के ठाऊक होते. लोणारही तसेच झाले असणार.

अडचणी मात्र त्यांच्या त्यांनाच दिसत होत्या. या तोंडातून लाव्हा आल्याची खूण नाही. राखेचे थर नाहीत. काठावर खडकाचे थर बाहेरच्या अंगाला कललेले आहेत, जणू आतून कुणी उचकटले आहेत. भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या विद्वानांनी त्यावर तोड काढली: लाव्हा आला नसेल, नुसत्या वाफेचा स्फोट झाला असेल. १९१२ साली ला टूश आणि ख्रिस्टी यांचा लोणारवरचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध झाला. खालच्या दाबाने जमीन फोडासारखी फुगली आणि मग खचली, असा त्यात निष्कर्ष होता. त्यांची निरीक्षणे चोख होती. उष्णतेचा उगम खालीच असणार, हे गृहीतक तेवढे कुणी तपासले नव्हते.

धारेच्या पाण्याची परीक्षा

दरम्यान उष्णतेच्या शास्त्राने कूस बदलली होती. मँचेस्टरच्या जेम्स ज्यूलने १८४० च्या दशकात वजने खाली सोडून पाण्यात वल्हे फिरवली आणि पाणी किती तापते ते मोजले. ठरावीक कामाला ठरावीक उष्णता, हे नाते त्याने आकड्यांत बांधले. त्याच हिशेबाने १८४५ मध्ये त्याने सांगितले की नायगाराचा प्रवाह १६० फूट कोसळल्यावर त्याचे तापमान फॅरनहाइटच्या एक पंचमांश अंशाने वाढलेले असायला हवे.

हा प्रयोग वर्गात सांगताना मी नायगारा सोडून देत असे आणि लोणारच्या धारेचे उदाहरण घेत असे. काठाजवळ गोमुखातून पडणारी ती धार आमच्या मुलांच्या ओळखीची. समजा, तिचे एक किलो पाणी काठावरून थेट १३७ मीटर खाली तळाशी पडले. पडताना त्याला मिळालेली ऊर्जा सुमारे १,३४० ज्यूल. ती सगळी पाण्यातच राहिली, तर पाणी जेमतेम एक तृतीयांश सेल्सियस अंशाने तापेल. हाताला कळणारही नाही. एक किलोचा काळा दगड सोडला तर तो दीड-पावणेदोन अंशांनी तापेल, कारण दगड तापायला पाण्यापेक्षा कमी उष्णता लागते.

इथे ते तीन शब्द वेगळे करता येतात. खाली पडलेल्या दगडाचे तापमान वाढले. पण त्याला कुणी उष्णता दिली का? नाही. शेजारी चूल नव्हती, कोणत्याही गरम वस्तूकडून त्याच्याकडे काही वाहत आले नाही. अख्खा दगड एका दिशेने चालला होता. आदळल्यावर ती एकदिश हालचाल मोडली आणि दगडाच्या कणाकणांच्या सैरावैरा थरथरण्यात वाटली गेली. कणांच्या या थरथरीची आणि त्यांच्या परस्पर ओढीची जी बेरीज, ती आंतरिक ऊर्जा. वस्तूपाशी असते ती आंतरिक ऊर्जा. उष्णता मात्र कुठल्याही वस्तूपाशी 'असत' नाही. तापमानातल्या फरकामुळे एका वस्तूकडून दुसरीकडे जी ऊर्जा जाते, तिचे जातानाचे नाव उष्णता. पाऊस आणि तळे यांच्यासारखे हे नाते आहे. तळ्यात पाणी असते, पाऊस नसतो. आणि तळे पावसानेच भरते असेही नाही, ओढ्यानेही भरते. तशी आंतरिक ऊर्जा उष्णता देऊनही वाढते आणि नुसते काम करूनही वाढते. सायकलीचा पंप मारताना त्याचे तोंड तापते, ते कामामुळे.

१८५० मध्ये जर्मनीच्या रुडॉल्फ क्लाउसियसने हे सगळे एका नियमात बसवले. वस्तूला दिलेली उष्णता आणि तिच्यावर केलेले काम, या दोहोंची बेरीज म्हणजे तिच्या आंतरिक ऊर्जेत पडलेली भर. ऊष्मागतिकीचा पहिला नियम तो हाच. काही नाहीसे होत नाही, जमाखर्च जुळलाच पाहिजे. धाकेफळच्या झाकणामागेही हीच हिशेबी वृत्ती होती.

अमेरिकेतला भाऊ

लोणारचे नाव यानंतर एका अनपेक्षित ठिकाणी आले. अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतात सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे एक विवर आहे आणि भोवती लोखंडी उल्केचे तुकडे विखुरलेले सापडत. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा त्या काळचा मोठा भूगर्भशास्त्रज्ञ १८९१ मध्ये तिथे गेला. त्याने दोन कसोट्या लावल्या. पहिली लोणासुराच्या झाकणाची: काठावर साचलेला माल खड्ड्यात परत भरला, आणि आत एखादा प्रचंड गोळा आधीच रुतून बसला असेल, तर माल उरला पाहिजे. मोजणीत काठाचे आणि खड्ड्याचे घनफळ जवळजवळ सारखे भरले. गोळ्याला जागाच नव्हती. दुसरी कसोटी होकायंत्राची. आत लोखंडाचा डोंगर असेल तर सुई ढळली पाहिजे. ती ढळली नाही. १८९६ च्या आपल्या निबंधात गिल्बर्टने वाफेच्या स्फोटाच्या बाजूने कौल दिला, आणि तशाच खड्ड्याचे उदाहरण म्हणून हिंदुस्थानातल्या लोणारकडे बोट दाखवले.

डॅनियल बॅरिंजर या खाणमालकाला ते पटले नाही. उल्काच पडली, असे तो म्हणे, आणि ते बरोबर होते. पण मग ती खाली असलीच पाहिजे, कोटीभर टन लोखंड विकून आपण गबर होऊ, असाही त्याचा हिशेब होता. १९०३ पासून त्याने तिथे खणायला सुरुवात केली आणि पंचवीसएक वर्षे पैसा ओतला. अखेर १९२९ मध्ये खगोलगणिती एफ. आर. मोल्टन याने गणित मांडून सांगितले की उल्का फार तर तीन लाख टनांची असेल आणि तिचा बराचसा भाग आदळताक्षणी वाफ होऊन गेला असेल. बॅरिंजर त्याच वर्षी वारला.

गिल्बर्ट आणि बॅरिंजर यांनी परस्परविरुद्ध निष्कर्ष काढले, पण दोघेही शोधत होते ते वजन. मोठ्या खड्ड्याला मोठा दगड लागतो, हे दोघांनीही धरून चालले होते. वेग दोघांच्याही हिशेबातून निसटला.

एका किलोचा हिशेब

हा हिशेब कुणालाही वहीत करता येईल. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. काठावरून सोडलेला दगड तळाशी पोहोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ५२ मीटर. अंतराळातून येणारी मोठी उल्का पृथ्वीवर सेकंदाला ११ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने आदळत नाही, आणि १५ किलोमीटर हा काही विशेष वेग नव्हे. तेवढाच धरला तर वेग धारेकाठच्या दगडाच्या सुमारे २९० पट, आणि ऊर्जा जवळजवळ ८४ हजार पट. एका किलोमागे ११ कोटी २५ लाख ज्यूल! तेवढ्याच वजनाच्या टीएनटी स्फोटकातून निघते त्याच्या सत्तावीस पट. उलट बाजूने पाहा. एक किलो लोखंड घरातल्या तापमानापासून तापवून, वितळवून, उकळवून त्याची पूर्ण वाफ करायला साधारण ८०-९० लाख ज्यूल पुरतात. म्हणजे दगडाने आपल्या अंगात आणलेली ऊर्जा त्याला स्वतःला दहा-बारा वेळा वाफ करायला पुरेशी होती. ती सगळी त्याच्यापाशी राहत नाही. खडक फोडण्यात, उडवण्यात, जमीन हादरवण्यात आणि तळचा पाषाण तापवण्यात ती वाटली जाते. पण वाटणी होऊनही दगड अखंड उरण्याची शक्यता राहत नाही.

न्यूझीलंडच्या ए. सी. गिफर्डने १९२४ मध्ये, कार्नोच्या पुस्तकानंतर बरोबर शंभर वर्षांनी, हाच मुद्दा चंद्राच्या विवरांसंबंधी मांडला होता. असा आघात म्हणजे टक्कर नसून स्फोटच असतो, म्हणून दगड तिरका आला तरी खड्डा गोल पडतो. लोणारचा गोलपणा ज्वालामुखीच्या बाजूचा पुरावा मानला जाई. तो आता उल्केच्या बाजूने उभा राहिला.

इथे ऊष्मागतिकीतला एक सूक्ष्म मुद्दा येतो. आघाताची लाट खडकातून इतक्या झपाट्याने जाते, की उष्णतेला एका कणाकडून दुसऱ्याकडे वाहायला सवडच मिळत नाही. लोणारचा पाषाण वितळला, तो कुणी त्याला उष्णता दिली म्हणून नव्हे. त्याच्यावर काम झाले म्हणून. लोहाराच्या घणाखाली थंड लोखंडही तापते, त्यातलाच हा प्रकार, फक्त प्रमाण अचाट. स्कॉटलंडच्या रँकिनने १८७० मध्ये आणि फ्रान्सच्या ह्यूगोनियोने पुढे १८८७ मध्ये अशा आघातलाटांचे गणित केले. लाट येते तेव्हा खडक एकदम दाबला जातो; लाट सरते तेव्हा तो सैल पडतो. पण दाबताना त्याने जेवढी ऊर्जा घेतली, तेवढी सैल पडताना तो परत देत नाही. उरलेली त्याच्या आत राहते, तापमान होऊन. ही देवघेव उलटी फिरवता येत नाही. क्लाउसियसने १८६५ मध्ये अशा न फिरणाऱ्या बदलांच्या मापाला 'एंट्रॉपी' हे नाव दिले. जग आपोआप चालते ते ही एंट्रॉपी वाढवत, असे दुसरा नियम सांगतो. वितळलेल्या खडकातली उष्णता गोळा करून, तिची पुन्हा वेगवान उल्का होऊन ती आकाशात निघून गेली, तर पहिल्या नियमाची हरकत नाही. दुसरा नियम ते होऊ देत नाही.

काचेची साक्ष

१९६० च्या दशकात लोणारबद्दल उल्केची शंका जोर धरू लागली. ती खरी ठरली ती १९७३ मध्ये. अमेरिकेच्या 'सायन्स' या नियतकालिकात फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांचा निबंध आला. सरोवराच्या तळातून वेधन करून काढलेल्या नमुन्यांत त्यांना मॅस्केलिनाइट सापडले; काठावरच्या चरांत वितळून फेसाळलेला खडक, काचेचे गोळे आणि बारीक गोलक मिळाले. जमिनीवरचे, काळ्या पाषाणात झालेले तोवर माहीत असलेले ते एकमेव उल्काविवर होते. चंद्राचा पृष्ठभागही बऱ्याच अंशी तसल्याच पाषाणाचा. अपोलो यानांनी आणलेल्या मातीत जसे काचेचे गोलक होते, तसेच लोणारच्या मातीत निघाले.

मॅस्केलिनाइटची गोष्ट थोडी थांबून सांगण्याजोगी आहे. १८६५ मध्ये बिहारातल्या शेरघाटी इथे एक उल्का पडली. तिच्यात १८७२ मध्ये गुस्ताव चेर्माक याला एक काचेसारखे खनिज दिसले आणि त्याने त्याला हे नाव दिले. ते बनते कसे हे नव्वद वर्षे कळले नाही. १९६३ मध्ये मिल्टन आणि डी कार्ली यांनी स्फोटकांचा मारा करून ते प्रयोगशाळेत तयार केले. आपल्या पाषाणातले फेल्डस्पार हे खनिज काही लाख वातावरणांच्या दाबाखाली सापडले, की न वितळताच त्याची आतली जडणघडण मोडते आणि त्याची काच होते. ज्वालामुखी पाषाण वितळवू शकतो, पण असा दाब आणू शकत नाही. तापमान दोन्हीकडे मिळेल, हा दाब फक्त आघातातच मिळेल. म्हणून ही काच निर्णायक साक्षीदार ठरली. तीच खूण ओळखणारा मिल्टन दहा वर्षांनी लोणारच्या निबंधावरही होता.

उष्णतेचे घड्याळ

हे घडले केव्हा? इथेही उष्णताच साक्षीला येते, पण दोन साक्षी जुळत नाहीत.

पहिली पद्धत तापदीप्तीची. खडकातल्या किरणोत्सर्गामुळे काही इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या किंवा काचेतल्या फटींत अडकत जातात. वस्तू खूप तापली की ते सारे सुटतात आणि पाटी कोरी होते. त्या क्षणापासून पुन्हा किती अडकले ते मोजले की काळ कळतो. १९९७ मध्ये या पद्धतीने लोणारच्या काचेचे वय सुमारे ५२ हजार वर्षे निघाले. दुसरी पद्धत आर्गॉनची. पाषाणातल्या पोटॅशियमपासून फार संथपणे आर्गॉन वायू बनतो; पाषाण वितळला की तो निसटतो आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. २०११ मध्ये या पद्धतीने वय आले ५ लाख ७० हजार वर्षे, अकरा पट जास्त. तफावतीची कारणे उष्णतेतच शोधावी लागतात. फटींतले इलेक्ट्रॉन काळाच्या ओघात आपसूक निसटत राहिले, तर वय कमी दिसते. वितळणे क्षणभरच टिकले आणि जुना आर्गॉन थोडा आत राहून गेला, तर त्याची वजावट करावी लागते. २०११ च्या अभ्यासकांनी ती केली होती. मला स्वतःला आर्गॉनचा आकडा अधिक भरवशाचा वाटतो.

हा वाद कोरडा नाही. लोणासुराची कथा म्हणजे आघात डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांची आठवण आहे, असे आपल्याकडे हौसेने लिहिले जाते. ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी आपल्या जातीचा माणूसच नव्हता. कथा थोर आहे ती वेगळ्या कारणाने: खड्डा पाहून त्यातल्या ऐवजाचा हिशेब मागणारी माणसे इथे होती.

वेगवान आणि संथ

एका उष्णतेची गोष्ट इथवर झाली. ती काही सेकंदांची होती. लोणारची दुसरी उष्णता उन्हाची आहे, ती आजही काम करते. सरोवरातून पाणी बाहेर जायला वाट नाही. झरे आणि पाऊस पाणी आणतात, त्यात विरघळलेले क्षार येतात. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात. वऱ्हाडचा उन्हाळा ते हात राखून देत नाही. पाणी जाते, सोडा आणि मीठ मागे राहते. अबुल फझलने नोंदलेले उत्पन्न या संथ उष्णतेचे. दगडाने भांडे घडवले, उन्हाने त्यात खार आटवला. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, तेही पाणी आटून खारटपणा वाढल्यावर खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी सरोवराला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला.

आता मूळ प्रश्न. दगडाची वस्तू म्हणून जी काही उरली, ती वितळलेल्या पाषाणात मिसळून गेली. काठाबाहेरच्या काही बारीक गोलकांत निकेल, कोबाल्ट, क्रोमियम यांचे प्रमाण आसपासच्या पाषाणापेक्षा जास्त आढळले आहे. अभ्यासक त्याला दगडाचा अंश मानतात. दगडाची गती मात्र उष्णता झाली. ती खडकातून हवेत गेली, हवेतून रात्रीच्या आकाशात, आणि केव्हाच अंतराळात पसरून गेली.

हे गोलक आणि ही काच खड्ड्यात कमी, बाहेर जास्त आहेत. आघाताने उडालेला माल काठापासून साधारण एक-दीड किलोमीटरपर्यंत पसरला आहे. पर्यटक आत बघतात, संरक्षणाच्या योजना प्रामुख्याने पाण्याचा आणि देवळांचा विचार करतात, आणि हा थर शेतांखाली, रस्त्यांखाली, वाढत्या गावाच्या पायांखाली जातो. वेधनाची यंत्रे पुन्हा कधीही आणता येतील. उकरून भरावाला नेलेला थर परत मांडता येणार नाही, तिथेही दुसराच नियम चालतो. काठावर उभे राहून कुणी दगडाचा पत्ता विचारला, तर त्याला खाली पाण्याकडे दाखवू नये. जरा मागे वळायला सांगावे आणि नांगरलेल्या काळ्या रानाकडे बोट करावे.